काकूंची गोमुखी

समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा मला हेवा वाटतो. त्यांच्या साड्यांचा किंवा परदेशी सुनेचा नाही, त्यांच्या निर्धास्तपणाचा. विमानाने जायचं असलं की मी अम्मीला चार तास आधी धायरीतल्या घरातून बाहेर काढते, तिची बॅग दोनदा रिकामी करून पुन्हा भरते. काकू तेव्हा चकल्या तळत असतात.

त्या दिवशी आम्ही तिघी दिल्लीला निघालो होतो. काकू मुलाकडे, आम्ही मावशीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि तिला आत नेण्याआधी अम्मीला एकदा भेटायचं होतं. विमानात खिडकीशी मी, मध्ये अम्मी, कडेला काकू. अम्मीला उड्डाणाची भीती वाटते. तिने तसबीह, म्हणजे तिची जपमाळ, काढली आणि ओठ हलवायला लागली. काकूंनीही गोमुखीत, म्हणजे जपाची माळ झाकायच्या भगव्या पिशवीत, हात घातला आणि जप सुरू केला. खरं सांगायचं तर काकूंचा आवाज जास्त मोठा होता.

पलीकडच्या गृहस्थाने बटण दाबून हवाईसुंदरीला बोलावलं. ही स्कार्फवाली बाई सारखं काहीतरी पुटपुटतेय, मला भीती वाटते, असं त्याने सांगितलं. तिने अम्मीचा बोर्डिंग पास मागितला.

काकू शांतपणे म्हणाल्या, “अहो, पुटपुटतेय तर मीही. माझा पास नको का?”

ती मुलगी गोड हसली. तुमचं चालू द्या, म्हणाली. त्या हसण्यावर मी अक्षरशः जळले. अम्मीला पुढे नेलं, बॅग उघडली, मावशीसाठी विणलेल्या स्वेटरच्या बाह्यासुद्धा चाचपल्या. मी उठले तर मला जागेवर बसवलं. आता उतरवतात की काय या धास्तीने मी मान उंचावून पुढे बघत बसले. वीस मिनिटांनी अम्मी परत आली आणि कुणाकडे न बघता तिने तसबीह पर्समध्ये टाकली.

काकूंनी आपली माळ बाहेर काढली आणि रिकामी गोमुखी अम्मीच्या मांडीवर ठेवली. अम्मीने पर्समधून तसबीह पुन्हा काढली आणि ती धरून हात आत घातला. विमान उडालं. पलीकडचा गृहस्थ झोपून गेला.

मावशी भेटली, ऑपरेशनही नीट झालं. परतीच्या विमानात शेजारच्या बाईंनी गोमुखी पाहून अम्मीला नमस्कार केला. अम्मी खूश झाली. मला ते बघवेना.

महिन्याने काकू परत आल्या तेव्हा मी गोमुखी धुऊन, इस्त्री करून द्यायला गेले. मला ती घरात नकोच होती.

“राहू दे गं अम्मींकडेच,” त्या प्रेमाने म्हणाल्या. “माझी माळ उघडी दिसली तर कोण काय विचारणार आहे?”

अम्मीने गोमुखी प्रवासाच्या पर्समध्ये नीट घडी घालून ठेवली. मी त्यानंतर दोन दिवस काकूंशी बोलले नाही.