कोरी म्हटलेली फाईल

डहाणू रोडला माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर मी पन्नाशीनंतर, माझा मीच शिकले, म्हणून जेवढं येतं त्याचा तोरा जरा जास्तच. फाईल उघडली नाही की मी तिचे बाइट, म्हणजे आतले कच्चे आकडे, उघडून बघते. प्रत्येक जातीच्या फाईलला सुरुवातीलाच तिची खूण असते. फोटोला एफएफ डी८, झिपला पीके. नाव काहीही ठेवा, खूण बदलत नाही. हे मी इतक्यांदा ऐकवलंय की शेजारचा चहावाला मला ‘खूणवाली’ म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात तलासरीकडची एक बाई पेनड्राइव्ह घेऊन आली. घोलवडला चिकूवाडीत कामाला होती. तिची आई धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी. आई आता नाही. भावाच्या लग्नाच्या डीव्हीडीत तिचा आवाज होता, पण डीव्हीडीला चरे पडून ती चालेनाशी झाली. त्याआधीच स्टुडिओवाल्याने ‘डिस्कची इमेज काढून दिलीय’ म्हणून हा पेनड्राइव्ह दिलेला. इमेज म्हणजे फोटो, असं समजून तिच्या सुनेने फाईलच्या नावापुढे जेपीजी लावलं. आता फोटो काही उघडेना.

मी बाइट उघडले. शून्य, शून्य. खाली सरकवलं, तरी शून्यच.

“कोरी आहे, ताई. स्टुडिओवाल्याने फसवलं तुम्हाला.” वर विचारलं, पुसून नातवाचे फोटो भरून देऊ का?

पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधत ती म्हणाली, “राहू द्या. कोरी तर कोरी.”

आधी फाईल उतरवून घ्यायची माझी सवय, म्हणून ती माझ्याकडे राहिली. पुढे कॉम्प्युटरची जागा भरली तेव्हा जड फाईली शोधायला बसले, तर सगळ्यात वर हीच. तीन जीबी. आकारसुद्धा न बघता मी ती कोरी ठरवली होती. मग नेटवर वाचत बसले. अशा डिस्कच्या इमेजची, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या नकलेची, खूण सुरुवातीला नसतेच म्हणे. बत्तीस हजारांवर बाइट मोकळे सोडून मग सीडी००१ लिहिलेलं असतं. म्हणजे मी अंगणात डोकावून घर रिकामं आहे म्हणून सांगितलं होतं.

खाली गेले. होतं सीडी००१. नावापुढे जेपीजीच्या जागी डिस्कच्या इमेजचं आयएसओ केलं, फाईल लावली, आणि मांडवातला आवाज दुकानात आला. मी लगेच बंद केलं. आधी तिने ऐकायला हवं होतं.

तिचा नंबर घेतलेला नव्हता. लॅपटॉप घेऊन वाडी शोधत गेले. बाया क्रेटमध्ये चिकू लावत बसलेल्या. फाईल दुरुस्त करून आणली, एवढं म्हटलं असतं तरी सगळ्यांनी कौतुकच केलं असतं. अगदी ओठावर आलं होतं.

“फाईल कोरी नव्हती, ताई. मला बघता आली नाही,” मी म्हटलं.

चिकाने काळे झालेले हात मांडीवर तसेच ठेवून तिने गाणं ऐकलं. रडली नाही. आईसोबत ओठ तेवढे हलत होते. संपल्यावर म्हणाली, “मी त्या स्टुडिओवाल्याला लय बोलून आली. चार माणसांत लबाड बोलली त्याला.”

मला मान वर करवेना. तो शब्द तिच्या तोंडी मीच घातला होता.

हात धुऊन ती उभी राहिली. “चला, बाई. त्याला पण तुम्हीच सांगा.”

स्टुडिओत गिऱ्हाइकं होती. सगळी जाईपर्यंत थांबू या, असं मी म्हणणार होते. पण ती आधीच आत गेली होती.