धुतलेला नारळ

दादांनी नारळ धुतला.

माझ्या बाबांच्या हातातून घेतला, पाण्याची बाटली उघडली आणि चँडलर गावातल्या त्या मोटरसायकल डीलरच्या पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर, चोळून चोळून धुतला. सकाळच होती, तरी डांबर तापलं होतं. पाणी पडल्या जागी लगेच वाळलं.

"काका, तुम्ही राहू द्या," ते म्हणाले. "ह्याला जरा पद्धत असते. आम्ही करतो."

बाबा मागे सरकले. कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही. उभा जन्म पोस्टात नोकरी केलेला, सत्तरी गाठलेला माणूस, आणि आपण कुठे उभं राहायचं ते न सांगता ओळखून मागे झाला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला ते सहन झालं नाही. अजून होत नाही.

दादा म्हणजे श्रीरंगदादा. मूळ पुण्याचे, आता इथलेच. आमच्या मराठी रायडर्सच्या ग्रुपचे म्होरके. ग्रुपची एक रीत होती. कुणी नवी बाईक घेतली की डीलरच्या दारातच पूजा. चाकाखाली लिंबू, टाकीवर हळदीकुंकू, आणि जमलेल्यांत जे सर्वांत मोठे असतील त्यांच्या हातून नारळ. मुहूर्त आधी, कागदांवर सह्या नंतर. तिथल्या गोऱ्या सेल्समनलाही हे पाठ झालं होतं. तो ऑफिसच्या फ्रिजमध्ये आमच्यासाठी लिंबं ठेवायचा.

त्या दिवशी नवी बाईक माझी होती आणि सर्वांत मोठे माझे बाबा होते. नागपूरहून माझ्याकडे आले होते. खास इस्त्री केलेला शर्ट घातला होता. दादांनीच आपणहून त्यांच्या हातात नारळ दिला. "मान तुमचा, काका." बाबा इतके खूश झाले की फोटोसाठी नारळ छातीशी धरून उभे राहिले.

मग गप्पा सुरू झाल्या.

"नागपूरला कुठे, काका?"

"इंदोऱ्यात."

"अच्छा," दादा म्हणाले. आमच्या वस्तीचं नाव ऐकल्यावरचा तो 'अच्छा' माझ्या लहानपणापासून ओळखीचा आहे. शाळेत ऐकलाय, कॉलेजात ऐकलाय, भाड्याने घर शोधताना तर रोज ऐकलाय. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. आत्याचा व्हिडिओ कॉल. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात फोन, आणि बाबा आयुष्यभर म्हणत आले तसंच खणखणीत म्हणाले, "जय भीम, ताई. हे पाह्य, पोरीची गाडी."

झालं. आडनावावरून इतकी वर्षं जे कळलं नव्हतं ते कळलं. बाबांनी फोन ठेवेपर्यंत दादांचा हात नारळाकडे आला होता.

ती गाडी, तो डीलर मी सहज निवडला नव्हता. कित्येक शनिवार शोरूम पालथे घातले होते. एके ठिकाणी सगळी काच, फुकट कॉफी, आणि सेल्समन माझ्याबरोबर आलेल्या ऑफिसमधल्या मुलाशीच बोलत राहिला. गाडी मी घेणार होते, तो नुसता सोबत आला होता. दुसरीकडे बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. सर्व्हिसची तारीख विचारली तर पुढच्या महिन्यातली. पार्ट्स? मागवावे लागतील. शेवटी दादांनीच सांगितलं, "विकताना सगळेच गोड बोलतात गं. गाडी हायवेवर बंद पडली की फोन कोण उचलतो, ते बघ. माझ्या माणसाकडे जा."

खरं होतं त्यांचं. तिथे काचेतून मेकॅनिक काम करताना दिसायचे, तुमच्या गाडीचं काय चाललंय ते बोलावून दाखवायचे. माझी मैत्रीण अनघा एकदा वाळवंटात अडकली तर तासाभरात ट्रेलर पाठवला होता. अनघानेच मला बाईक शिकवली. दादांना मी भावासारखं मानत होते. मनापासून मानत होते. म्हणून तर तो नारळ मला इतका लागला.

नारळ धुताना पाहून सेल्समन इंग्रजीत म्हणाला, "काही लागलंय का त्याला?"

दादा हसले. "जस्ट अ ट्रॅडिशन."

मी सेल्समनलाही कळावं म्हणून इंग्रजीतच म्हणाले, "माझ्या वडिलांचे हात लागलेत."

अनघा हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. दादा मराठीत आले. "अगं, काहीतरीच काय? मी जातबीत मानत नाही. पूजेचं असतं म्हणून आपलं..."

"मग तुम्ही तुमचे हात धुतलेत का?"

एवढी पंधरावीस माणसं होती. एकानं तरी म्हणावं, दादा, हे चुकलं. माझं लक्ष अनघाकडेच होतं. तिनं मान वर केली नाही.

सह्या राहिल्या होत्या. मी सेल्समनला म्हणाले, ही गाडी मी घेत नाही. तो बिचारा गोंधळला. माझं काही चुकलं का, विचारत माझ्या कारपर्यंत मागे आला. मी बाबांचा हात धरला आणि निघाले. मागे पेढ्यांचा डबा उघडल्याचा आवाज आला. आणला होता तो मीच.

गाडीत मला वाटलं होतं बाबा काहीतरी बोलतील, शाबास म्हणतील. लहानपणी तेच शिकवायचे, मान खाली घालायची नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "काहून केलं तू असं? इथं तुले हेच लोक आहेत न."

मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

"मी फोनवर जरा हळू बोलाले पाहिजे होतं," बाबा म्हणाले.

मी गाडी रस्त्याकडेला घेतली आणि रडले. ज्यांनी मला 'जय भीम' मोठ्याने म्हणायला शिकवलं, ते माझ्यासाठी ते हळू म्हणायला तयार झाले होते. नारळ परवडला. हे नाही परवडलं.

संध्याकाळी अनघाचा मेसेज आला. 'सॉरी यार, फार ऑकवर्ड झालं.' ऑकवर्ड.

पुढच्या शनिवारी मेसा गावातला एक डीलर बघायला गेलो. बाबा गाडीतून उतरेनात. "तू जाऊन ये. मी इथं बरा आहे. कोणी आपलं भेटलं त उगाच बिघडन." एसी चालू ठेवून मी आत गेले. समोरचा माणूस वॉरंटीबद्दल बोलत होता आणि मी काचेतून माझ्या बापाकडे बघत होते. मग तेच सुरू झालं. भारतीय दुकानात गेलो तरी बाबा गाडीत. देवळाच्या हॉलमध्ये कुणाचं गाणं असलं तरी, "तू जा." तिकडचं घर बंद आहे असं कारण काढून ते लवकर परत गेले. एअरपोर्टवर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भांडू नको कोनाशी."

ते गेल्यावर मी शांतपणे विचार केला. मेसाचा डीलर लांब. सर्व्हिस यथातथाच. ट्रेलर नाही. चांगला डीलर तोच होता, जिथून मी निघून आले होते. निघून आम्हीच आलो होतो. ते तिथेच थांबले, पेढे खाल्ले, राइडला गेले. अपमान त्यांनी केला आणि घराबाहेर काढल्यासारखे आम्ही बाहेर पडलो. माझ्या बापाला गाडीत बसायची शिक्षा झाली. दादांचं काय गेलं?

मी त्या सेल्समनला फोन केला. तो अवघडून म्हणाला, "श्री आमचा फार जुना कस्टमर आहे. त्याच्याशी एकदा मिटवून घेशील का?"

"गाडी माझ्या नावावर असेल," मी म्हणाले. "सर्व्हिसची वेळही माझ्या नावावर घ्यायची. श्रीच्या नाही. जमेल?"

"जमेल," तो म्हणाला.

मी एकटी गेले. पूजा नाही. सही केली आणि चालवत घरी आणली. पहिली सर्व्हिस मुद्दाम शनिवार सकाळची घेतली. राइडला निघायच्या आधी सगळा ग्रुप तिथल्या वेटिंग रूममध्ये जमतो, कॉफी पितो. मी मधल्या खुर्चीवर बसले. दादा काही घडलंच नाही असे हसले. "अरे वा, आलीस! बाबा परत गेले वाटतं?"

"हो. तुमच्यामुळे गेले. फोन लावून देते, त्यांची माफी मागा."

"अगं, आत्ता तिकडे रात्र असेल."

"जागे आहेत."

मी फोन पुढे धरला. दादांनी हेल्मेट उचललं. "नंतर बघू," म्हणाले आणि बाहेर गेले. मागोमाग एकेक जण उठला. अनघा दारात थांबली. वाटलं, वळेल. ती पण गेली. फार लागलं, खोटं कशाला बोलू.

पण मी बसून राहिले. काचेपलीकडे मेकॅनिक माझ्या गाडीचं तेल बदलत होता. यापुढे मी इथेच येणार. याच दिवशी, याच वेळेला. कुणी गाव विचारलं तर सांगणार, आवाज न उतरवता. ज्याला माझ्या शेजारी बसणं जमत नाही त्याने खुशाल उभं राहावं, बाहेर जावं, दुसरा डीलर शोधावा. मी एकदा उठले. आता उठणार नाही.