चाचांनी आवळलेले चार स्क्रू

जुन्नरला गॅसबत्त्या दुरुस्त करणारे एक चाचा होते. माझ्या आयुष्यात सर्वांत मोठे उपकार त्यांचे आहेत.

मी बी.एस्सी. झालो तेव्हा घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून आमच्या गावात, शिनोलीत, नारळ देऊन माझा सत्कार झाला, आणि दुसऱ्याच दिवशी चुलत्यांनी मेंढ्या हाकायची काठी हातात दिली. पुण्यातल्या एका रेडिओ कारखान्याचे साहेब मात्र म्हणाले होते, लष्कराने मोडीत काढलेल्या सामानातून रेडिओ जोडून सोमवारी वाजवून दाखव, नोकरी देतो. चाचांनी दुकानाचा एक कोपरा मला रिकामा करून दिला.

खरी डोकेदुखी होती मोडीतल्या अंगठ्याएवढ्या ॲल्युमिनियमच्या डब्यांची. आत तारेची गुंडाळी, वर एक स्क्रू, आणि बाहेर ना नाव ना आकडा. कोणता डबा कोणत्या फ्रीक्वेन्सीचा हे शोधायचं, मग स्क्रू फिरवून सगळे एका फ्रीक्वेन्सीवर आणायचे. तीन दिवस खपून मी चार डबे जुळवले. रविवारी सकाळी पुणे केंद्र स्वच्छ लागलं आणि मी आनंदाने जेवायला गेलो.

परत आलो तर रेडिओ मुका आणि चाचा प्रसन्न.

"चारी इस्क्रू सैलच ठिवले व्हते तुमी, बीएस्सी," ते म्हणाले. "आपल्या दुकानातून सैल काम जात न्हाई. आवळले. लई गच्च."

मी रेडिओ पुढ्यात ओढला. स्क्रूचं मर्म समजावल्यावर चाचांचाही चेहरा उतरला. त्यांनी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली आणि माझ्याशेजारी येऊन बसले. मी स्क्रू सैल करून पुन्हा जुळवू लागलो. आवाज वाढे, पण स्क्रूड्रायव्हर उचलला की लगेच पडे. पहिल्या वेळी अंदाजाने निभावलं होतं, आता तेही जमेना.

"तुमचं लोखंड जवळ गेलं की त्ये बिघडतंय," चाचा म्हणाले. "लोखंडच नको."

दुकानातल्या बांबूच्या टोपलीची एक काडी ओढून त्यांनी तिचं टोक चपटं तासून दिलं. दिवेलागणीच्या आत रेडिओ बोलू लागला. सोमवारी साहेबांनी रेडिओपेक्षा ती काडीच जास्त वेळ न्याहाळली.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच मी पत्र टाकलं:

"चाचांना सलाम. इथे मला मोडीतले डबे ओळखून जुळवायलाच बसवलं आहे. काडी झिजली, चार नव्या पाठवा. एक साहेबांना हवी आहे. बाजारात चुलते भेटले तर सांगा, मी काठीवरच पोट भरतो, फक्त ती बोटभर आहे. उरलेल्या डब्यांची माझी एक पेटी तुमच्याकडे राहिली. तिच्यातले सगळे स्क्रू सैल आहेत. कृपा करून सैलच राहू द्या. आपला, बीएस्सी."