आधी दार वाजव

दाणीकाका कामावर असताना कुणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. खांद्यावरच्या पिशवीत मतदार यादी आणि स्वतःची पाण्याची बाटली घेऊन जबलपूरभर फिरायचे. निवडणूक कार्यालयात मी नवी लागले ती त्यांच्याच हाताखाली. मे महिन्याच्या उन्हात महाराजपूरला एका घरी थंडगार सरबत पुढे आलं, तर या गृहस्थांनी हात जोडले आणि माझाही पेला परत पाठवला! असा राग आला मला. बाहेर आल्यावर म्हणतात, "उद्या शेजारचा म्हणेल, त्यांच्याकडे सरबत पिलं, आमच्याकडे काहून नाही? आपल्याला सगळे सारखे, पोरी."

दुसरा हट्ट याहून वरचढ. यादीतलं एक नावही ते टेबलावर बसून कापत नसत. एकदा एक कार्यकर्ता अर्जांचा गठ्ठा घेऊन आला. म्हणे ही सगळी माणसं तिलवारा भागातली घरं सोडून गेली, नावं काढा. साहेब म्हणाले, "दाणीजी, निपटा दीजिए." काका मला घेऊन निघाले. तिसऱ्याच दारात एक म्हातारी तांदूळ निवडत बसलेली. काकांनी नाव वाचलं.

"मैं ही हूँ, भैया. क्या हुआ?"

"कुछ नहीं अम्मा, हाजिरी ले रहे थे."

दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत हातात पडल्यावर कार्यकर्ता बदलीची धमकी देऊन गेला. काका म्हणाले, "चलो, सामान बांधून ठेवतो," आणि डबा उघडला. त्या डब्यात सुमनकाकू माझ्यासाठी रोज दोन पोळ्या जास्त घालायच्या.

मागच्या वर्षी काकू गेल्या. तेरावं झालं आणि काका कामावर आले, ते काकूंचं नाव कमी करण्याचा अर्ज भरूनच.

"राहू द्या ना काका, एवढी काय घाई?"

"निवडणूक येऊन राहिली. कोणी तिच्या नावावर मत टाकून गेलं तर? तिचं मत आहे ते. कोणाला देते, मलाही कधी सांगितलं नाही तिनं." मग अर्ज माझ्याकडे सरकवला. "माझ्या घरचं काम मी कसं करू? तू ये. आधी दार वाजव."

मी चिडलेच. काकूंना शेवटचं कुंकू मी लावलं होतं, आता आणखी काय बघायचं? पण गेले.

त्या घरात मी कधी दार वाजवून शिरले नव्हते. काका इस्त्रीचा शर्ट घालून दारात आले. मी अर्ज पुढे धरला. कसंबसं विचारलं, "सुमन वसंत दाणी इथे राहतात का?"

काका मागे वळून स्वयंपाकघराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही."

मी सही घेतली.

"चहा टाकू?" ते सवयीनं बोलून गेले आणि लगेच मान हलवली. "नाही, तू ड्यूटीवर आहेस."

मी पिशवीतली माझी बाटली काढून त्यांच्या हातात दिली. उंबरठ्यावर बसून ते घटाघटा पाणी प्यायले, आणि काकू गेल्यापासून पहिल्यांदा रडले.