गायकवाड मामांचा ड्राय रन

मशीनखाली लोखंडाचा कीस साचतो, तसे आमच्या सेक्शनमध्ये किस्से साचतात. कीस निदान शिफ्ट संपताना झाडून काढतात राव, किस्से तसेच पडून राहतात.

त्यातले निम्मे एकाच शब्दाचे. ड्राय रन! मशीनमध्ये नवा प्रोग्रॅम टाकला की आधी लोखंड न लावता मशीन चालवून बघायचं. टूल थंड ठेवणारं पाणी बंद, टूल नुसतं हवेत फिरतं. चुकलं तरी नुकसान नाही. चाकणच्या कारखान्यांत हे सगळेच करतात. आमच्या सीनियर ऑपरेटर गायकवाड मामांनी ते कासारवाडीला घरी नेलं, तिथून घोळ सुरू झाला.

मामांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी मामांनी आम्हाला पाहुणे म्हणून सोफ्यावर बसवलं. मुलगी ट्रे घेऊन आली. प्लेटा रिकाम्या! पोह्यांचं विचारलं, तर मामा शांतपणे म्हणाले, "ड्राय रनला मटेरियल लावत नाहीत."

आमच्या दत्ताला गावच्या जत्रेसाठी रजा हवी होती, पण साहेबांपुढे त्याची बोबडी वळायची. मामांनी त्याला साहेबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभं करून सराव करून घेतला. दत्ता फर्डा बोलला आणि तसाच जत्रेला गेला. परत आल्यावर साहेब तापले, तर म्हणतो, "इचारलं व्हतं की. खुर्ची न्हाई म्हणली न्हाई."

मग मामांची रिटायरमेंट जवळ आली. डबा अर्धा परत जायला लागला. "घरी बसून मी मरेन रे," एकदा म्हणाले. शेवटी त्यांनी रिटायरमेंटचाही ड्राय रन घ्यायचं ठरवलं आणि आठवड्याची रजा टाकली. पण दोनच दिवसांत मामींचा साहेबांना फोन. मामा गॅसजवळ उभे राहून कुकरची शिट्टी लेट का झाली, ते विचारत होते. "साहेब, प्रोग्रॅम चुकलाय. यांना कामावर बोलवून घ्या." दुसऱ्या दिवशी मामा हसत हजर. डबाही चाटूनपुसून संपवला.

पण दिवस काय थांबतो? शाल झाली, श्रीफळ झालं, मामा रडले, आम्हीही रडलो.

सोमवारी फर्स्ट शिफ्टची बस कासारवाडीला आली. स्टॉपवर मामा. इस्त्रीचा युनिफॉर्म, हातात डबा, रोजच्याच जागी उभे. ड्रायव्हरने सवयीने बस थांबवली, दार उघडलं. दत्ता सीटवर सरकून बसला.

"चढा मामा," तो म्हणाला.

मामांनी हात हलवला. "जा रे तुम्ही. ड्राय रन आहे."