सतरा वर्षांचा पाहुणा

जंगलात शिरण्याआधी बूट पुसणारा माणूस मी एकच पाहिला. पायवाट सुरू होते तिथल्या लाकडी पाटीपाशी पाहुणेकाका वाकायचे, खिशातून रुमाल काढायचे आणि बुटांचे तळ स्वच्छ करायचे. "दुसऱ्याच्या घरात चिखल नेऊ नये." पुढं चार मैल चिखलच असायचा.

पाहुणेकाका हे नाव मीच ठेवलं, आणि प्रेमानं ठेवलं नाही. बाबांचे मित्र, मूळचे नागपूरचे, सिएटलजवळ सॉफ्टवेअरमध्ये. सतरा वर्षं व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. शेजाऱ्याचं झाड यांच्या गाडीवर पडलं, तर केक घेऊन हेच त्याच्या दारात. विचारलं की ठरलेलं उत्तर: "अगं, आपण पाहुणे. पाहुण्यानं घरातलं फर्निचर हलवू नये."

मी इथंच जन्मले, माझं डोकं फिरायचं. "काका, सतरा वर्षं टॅक्स भरताय तुम्ही!"

"पाहुणा आहेर आणतोच की."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? कणाच नाही, तर ताठ उभं राहा म्हणून काय सांगणार?

दर जुलैत आमची पाच-सहा कुटुंबं तीन तास ड्राइव्ह करून एका राष्ट्रीय उद्यानात जायची. जुन्या लाव्हाच्या काळ्या उभ्या भिंती, मधे अरुंद घळ, आणि तळाशी हिमनदीतून सुटलेलं राखाडी-दुधाळ पाणी, दगड गडगडवत जाणारं. मी बघतच राहायचे. काका तिखट पुऱ्यांचा डबा उघडायचे. मग काठाजवळच्या खांबासारख्या एका दगडाशेजारी, टोपी हातात घेऊन, शाळेच्या फोटोला उभं राहावं तसे ताठ. तोच दगड, तीच पोझ, दर वर्षी. काकू फोटो काढायच्या. घळीकडं काकांनी कधी नीट बघितलेलं मला आठवत नाही. "आलो होतो याचं प्रूफ नको का?" जन्मभर कागद जमवणाऱ्याला डोंगराकडूनही कागदच हवा होता.

मग त्याच काठावरून गाडीरस्ता काढायचा प्रस्ताव आला. नदी काठ खातेय, असं रस्त्याला विरोध करणाऱ्या आमच्या छोट्या गटाचं म्हणणं. मी पत्रकं वाटत फिरत होते, आणि जो तो विचारत होता, पुरावा काय? तेव्हा मला ते फोटो आठवले. पहिल्या फोटोत दगड आणि कडा यांच्यामधे आमच्या सगळ्या सतरंज्या मावल्या होत्या. शेवटच्या फोटोत काकांच्या एका बुटाशेजारी थेट पोकळी.

"काका, रस्त्याच्या सुनावणीत उभे राहा. फक्त फोटो दाखवा."

त्यांचा चेहरा उतरला. "माझं नाव नको गं. रेकॉर्डवर राहतं."

"रस्त्याविरुद्ध बोललं म्हणून कुणी हाकलत नाही."

"तुला नाही हाकलणार."

"अहो, फोटो तरी द्या पोरीला," काकू म्हणाल्या. काका स्वतःच्या मोज्यांकडं बघत बसले. मी त्यांना तोंडावर भित्रे म्हणाले आणि चहा तसाच ठेवून निघाले.

सुनावणीच्या सकाळी काकूंनी अल्बम आणून दिला. सतराच्या सतरा फोटो होते. प्रत्येकातून काकांचा चेहरा कापून काढलेला, छोट्या कात्रीनं, गोल, अगदी नीटनेटका. शर्ट होता, हातातली टोपी होती, वर भोक. इतकी किळस मला माणसाची कधी आली नव्हती.

फोटो पडद्यावर एकामागून एक गेले. बिनचेहऱ्याचा माणूस ताठ उभा, आणि दर वर्षी दरी त्याच्या आणखी जवळ. आधी लोक हसले, मग कुणी हसेना. अध्यक्ष बाईंनी विचारलं, "हा माणूस कोण? तो इथं येऊन सांगेल का?"

शेवटच्या रांगेत काका बसले होते, मला न सांगता आलेले. हातात तो रुमाल. माझ्या प्रत्येक पत्रकाखाली मी छापते, 'नाव लावून बोला.'

"माहीत नाही," मी म्हणाले.

फोटोंच्या मागं काकूंनी तारखा टाकल्या होत्या, त्यावर निभावलं. प्रस्ताव फेरपाहणीसाठी परत गेला.

त्या हिवाळ्यात काकांची नोकरी गेली. व्हिसानं दिलेल्या मुदतीत दुसरी मिळाली नाही. सतरा वर्षांचा पाहुणचार साठ दिवसांत आटोपला. मी चिडून त्यांना एअरपोर्टवर सोडायला गेले. बॅगा तोलून झाल्यावर त्यांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं.

"आता चिकटव. आता कोण हाकलणार?"

गाडीत बसून उघडलं. सतरा गोल चेहरे. पहिल्यात केस काळे, शेवटच्यात पांढरे. आणि कॅमेऱ्याकडं एकही बघत नव्हता. मान सरळ, पण सगळ्यांचे डोळे कोपऱ्यातून एकाच दिशेला, घळीकडं.

भित्रे होते काका. आजही तेच म्हणेन. चेहरे मात्र मी एकेक करून जागच्या जागी चिकटवलेत.