पर्लचे दोन जावई

जुना कोड सांभाळणाऱ्या ऑफिसात कामापेक्षा किस्से जास्त साचतात! अमरावतीतलं आमचं ऑफिस लहानसं, कोड पर्ल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला. पर्लमध्ये यादी क्रमाने लावायची तर sort म्हणायचं. तो दोन-दोन नोंदी उचलतो, $a आणि $b या नावांत ठेवतो आणि विचारतो, यातलं आधी कोण? ही नावं त्याची स्वतःची. आमचे बहुतेक घोळ तिथलेच.

* * *

गजानन अकोल्याहून इंटरव्ह्यूला आला. आमच्या साहेबांनी, ढोले सरांनी विचारलं, "sort मधला $a कुठून येतो?"

"सर, sort च त्याले आणते. आपण फक्त पाहुणचार करायचा!"

लगेच घेतला.

* * *

वैशाली अकोटची. पहिल्याच प्रोग्रॅममध्ये तिनं वर लिहिलं, my $a, my $b, म्हणजे ही नावं आता माझी. a म्हणजे अमरावती, b म्हणजे बडनेरा! तिच्या नावांखाली sort ची नावं झाकली गेली आणि प्रोग्रॅम अडून बसला. ती रडकुंडीला आली.

"सर, बाकी कोणतंही नाव न सांगता वापरलं तर पर्लचा तो strict नावाचा पहारेकरी ओरडते. या दोघांलेच काहून सूट?"

सरांनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली. "जावई हायेत ते पर्लचे! त्यायच्या नावाले हात लावायचा नाही."

* * *

गजाननच्या बहिणीचं लग्न. पाकिटांवरची नावं क्रमाने लावताना त्याने sort च्या आतच $a, $b मधून 'ॲड.' आणि 'डॉ.' काढून टाकलं. फक्त तुलनेपुरतं! पण $a ही प्रत नसते, मूळ नोंदच असते. पाकिटं तशीच छापली, तशीच गेली.

चांदूर बाजारहून वकीलमामांचा फोन. "नुसतं सुधाकर? काहून बापू, माही सनद गेली काय?"

गजानन स्वतः जाऊन दुसरी पत्रिका देऊन आला. मामांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

* * *

सेमाडोहच्या जंगलात सफारी नेणाऱ्या एका खाजगी माणसाचं बुकिंग आमच्याकडे होतं. ज्याचं बुकिंग आधी, त्याला पहाटेची गाडी. वैशालीनं तुलनेचं फंक्शन नीटनेटकं वेगळ्या पॅकेजमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलं. पण sort जिथून बोलावला, तिथलेच $a, $b भरतो. तिच्या फंक्शनच्या हाती दोन्ही रिकामे! क्रम लागलाच नाही; यादी होती तशीच राहिली, नवं बुकिंग वर, जुनं तळाला.

सगळ्यात आधी बुकिंग करणारे अकोल्याचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको गेले संध्याकाळच्या, शेवटच्या गाडीत. हे कळल्यावर वैशालीचा डबा तसाच राहिला. सरांनी स्वतः फोन लावला, स्पीकरवर.

"मास्तर, चूक आमची. माफ करा. आता दुरुस्त केली."

"दुरुस्त केली?" मास्तर ओरडले. "आवो, संध्याकाळच्या गाडीले वाघ दिसला! पुढच्या महिन्यात माही साळी येऊन राह्यली. तेवढी चूक परत टाकून द्या ना!"